राजवाड्याचे दगड कुणी वाहिले?

जव्हारला पाहुणा आला की आपण त्याला जयविलास राजवाडा दाखवतो. पाहुणा विचारतो, कुणी बांधला? आपण सांगतो, राजाने. आज त्या उत्तरात थोडी भर घालायची आहे.

जव्हारचं संस्थान फार जुनं. जयबा मुकणे यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. १३४३ साली त्यांचे पुत्र नेमशहा यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. महादेव कोळी समाजातलं हे घराणं सहाशे वर्षं टिकलं. जयविलास बांधला तो यशवंतराव मुकणे यांनी. तेच शेवटचे राजे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे यशवंतराव निवडणूक लढवून खासदार झाले.

मोखाडा पेटा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून गटांच्या बैठकीत जव्हारकडच्या आजी "राजाच्या राज्यात" म्हणून बोलायला लागतात, तर मोखाड्याकडच्या आजींच्या बोलण्यात साहेब आणि जंगलखात्याचा शिपाई येतो. आता दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत, पण आठवणी अजून दोन राज्यांच्या आहेत.

राजांची नावं, सनावळी पुस्तकात मिळते. दगड कुणी फोडले, पाणी कुणी भरलं, चुना कुणी मळला, त्या बायांच्या पोरांना दिवसभर कुणी सांभाळलं, हे तिथे मिळत नाही. आमच्या एका गटातल्या आजी सांगतात, "माझी सासू तिथं डोक्यावर पाणी वाहायची. वाडा पुरा झाला, पन आत कसा हाय ते तिनं कधी पाह्यलं नाही." एवढीच आठवण. पण ही दोन वाक्यं आजींच्या तोंडून आली नसती, तर ती बाई कायमची पुसली गेली असती.

लिहून ठेवल्याने काय होतं ते आपल्या शेजारीच पाहा. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात १९४५ साली वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उठली. गोदावरी परुळेकर त्यांच्यात राहिल्या आणि पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. म्हणून ती वेठ आणि तो लढा आज शहरातल्या वाचकालाही ठाऊक आहे. आपल्या पाड्यांवरचं असं कितीतरी कुणी लिहिलंच नाही.

आम्हाला राजवाड्याचा अभिमान आहे. जंगलातल्या कोळी राजाने असा वाडा उभा केला, ही लहान गोष्ट नाही. पण वाडा दगडाचा आहे, तो अजून उभा राहील. आजी किती दिवस थांबणार?

म्हणून आम्ही गटांमध्ये एक ठरवलं आहे. बचत, कर्ज, हप्ते लिहून झाले की इतिवृत्ताच्या वहीची मागची चार पानं आजींसाठी ठेवायची. दर बैठकीला एकच प्रश्न विचारायचा. मजुरी काय मिळायची? पैसे की नागली? दुष्काळात कोणते कंद खाल्ले? बोहाड्यात कुणाच्या घरचा कोणता मुखवटा असायचा? आजी जशी बोलेल तसंच लिहायचं, तिची भाषा सुधारायची नाही. तिला विचारून तिचं नाव आणि तारीख घालायची.

तुमच्या पाड्यावर अशी आजी असेल, तर या आठवड्यातच तिच्याजवळ बसा. वही सोबत न्या.