शिरूर-दौंडचे निसर्गसंवर्धन : पाण्याच्या हिशेबापासून सुरुवात

पुण्याहून अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्याने निघाले की शिरूर तालुका लागतो आणि सोलापूरच्या रस्त्याने दौंड. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस या भागात येईपर्यंत क्षीण झालेला असतो. पर्जन्यछायेतील या दोन्ही तालुक्यांत वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. मात्र याच भूमीतून भीमा, घोड, कुकडी आणि मुळा-मुठा या नद्या वाहतात व धरणांचे कालवे फिरतात. एकीकडे कोरडे माळरान आणि दुसरीकडे बारमाही ऊस, असे हे चित्र आहे. येथील शेती, वन्यजीव, नद्या आणि गावे यांचे प्रश्न वेगवेगळे वाटले, तरी पाणी कोठून येते आणि कोठे जाते या एकाच प्रश्नाशी ते जोडलेले आहेत.

इनामगावचा धडा

जलसंधारण हा शब्द नवा असला, तरी या परिसरात ते काम फार जुने आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. म. के. ढवळीकर यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत येथे उजेडात आली. पुराचे पाणी वळविण्यासाठी बांधलेला बांध आणि पाण्याचा पाटही सापडला. त्या पाण्यावर हे लोक जव आणि इतर धान्ये पिकवीत असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

याच वसाहतीचा शेवटही तितकाच बोलका आहे. इसवी सनापूर्वी १००० नंतर हवामान अधिक कोरडे झाले आणि शेती खालावली. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शिकार व पशुपालन यांवर लोकांची भिस्त वाढली आणि अखेर वस्ती उठली. पाण्याची सोय मोडली की गाव मोडते, याचा हा पुरावा शिरूरच्याच मातीत आहे.

कोरड्या पट्ट्यातील प्रयोग

शिरूर तालुक्याचा पाबळ, कान्हूर मेसाई, मोराची चिंचोली हा पट्टा पूर्वीपासून अवर्षणग्रस्त मानला जातो. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकण्याच्या या केंद्रात ग्रामीण तरुणांना भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्याचे विद्युतरोधकतेचे तंत्रही शिकविले गेले. विहीर खोदण्याआधी जमिनीखालचा खडक समजून घ्यावा, ही त्यामागची दृष्टी होती.

त्या दृष्टीचे महत्त्व आज अधिक आहे. या भागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच काय ते पाणी साठते. समपातळी चर, दगडी बांध, नालाबांध आणि पाझर तलाव या ‘माथा ते पायथा’ कामांमुळे पावसाचे पाणी थबकते, माती अडते आणि विहिरींना पाझर फुटतो. परंतु खडकात साठवणूकच मर्यादित असल्याने, मुरलेले पाणी एखाद्या खोल विंधन विहिरीने उपसले की शेजारची विहीर कोरडी पडते. विहिरीतून उपसलेले पाणी प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवल्यास सामाईक पाणी खासगी होते आणि उन्हाळ्यात त्यातील बराच भाग वाफ होऊन जातो. म्हणजेच पाणी अडविणे हे अर्धेच काम आहे. अडलेले पाणी वाटून घेणे हे उरलेले अर्धे.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे याच दुसऱ्या अर्ध्या कामामुळे टिकली. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास आणि ऊस लावण्यास मनाई केली व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत पाडली.

मोराची चिंचोली या गावाने निसर्गाशी नाते जोडण्याची आणखी एक वाट दाखविली आहे. येथील चिंचेची झाडे पेशवेकाळात लावली गेल्याचे सांगतात. या झाडांच्या आश्रयाने मोर वाढले आणि ग्रामस्थांनी त्यांना सांभाळले. त्यातून कृषिपर्यटनाचा जोडधंदा उभा राहिला.

उसातला बिबट्या

कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे पाणी आले, तेथे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. उंच, दाट आणि वर्षभर ओलावा धरणारा ऊस बिबट्याला जंगलासारखाच आसरा देतो. रानडुकरे, भटकी कुत्री, शेळ्या हे भक्ष्यही जवळच मिळते. शिरूर तालुका वन विभागाच्या जुन्नर विभागात येतो आणि हा संघर्ष येथे दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे.

बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपाय या शतकाच्या प्रारंभी झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की, या स्थलांतरानंतर जुन्नर परिसरातील माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढले. आपला मुलूख सोडावा लागलेला प्राणी अधिक धोकादायक ठरू शकतो.

तथापि, या विवेचनाने ग्रामस्थांचे दुःख हलके होत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत दोन मुलांसह तिघांचा बळी गेला. संतप्त नागरिकांनी महामार्ग रोखला आणि त्यानंतर नरभक्षक बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. माणूस सुरक्षित नसेल, तर वन्यजीव संवर्धनाला गावाचा पाठिंबा मिळणे अशक्य आहे. बंदिस्त गोठे, घराभोवती उजेड, घरालगतच्या उसाऐवजी बुटके पीक आणि शेतीला दिवसा वीज हे उपाय म्हणूनच महत्त्वाचे आहेत. रात्री पाणी द्यायला शेतात जावे लागणे हाच अनेकदा धोक्याचा क्षण असतो. कृषिपंपांना सौरऊर्जेद्वारे दिवसा वीज देण्याची राज्याची योजना २०१७ पासून आहे. बिबट्याच्या पट्ट्यात ती केवळ सोयीची बाब राहत नाही.

पडीक नव्हे, माळरान

दौंडच्या दक्षिणेकडील उजाड दिसणारी जमीन सरकारदप्तरी अनेकदा पडीक ठरते. प्रत्यक्षात हे गवताळ माळरान लांडगा, खोकड, तरस आणि चिंकारा यांचे घर आहे व मेंढपाळांचे चराईचे रानही. लगतच्या बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले; त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. अशा माळावर सरसकट खड्डे खणून परकी झाडे लावली, तर गवत जाते आणि त्यासोबत प्राणीही. वृक्षारोपण सर्वत्र उपकारकच असते हा समज येथे खोटा ठरतो. चराई आळीपाळीने करणे, गवताला बी धरू देणे आणि माळ मोकळा राखणे हेच येथील संवर्धन.

शहराचे सांडपाणी, दौंडचे शेत

पुण्यातून वाहत आलेली मुळा-मुठा शिरूरमधील रांजणगाव सांडस आणि दौंडमधील वाळकी यांच्या दरम्यान भीमेला मिळते. तेथून हे पाणी पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात जाते, ज्याच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. शहराचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी याच मार्गाने येते. जलपर्णीने झाकलेले नदीपात्र, घटलेली मासळी आणि दूषित विहिरी ही त्याची किंमत नदीकाठची गावे मोजतात.

दुसरीकडे, खडकवासला प्रकल्पाच्या कालव्यातून दौंड-इंदापूरला मिळणारे पाणी आणि पुण्याची वाढती तहान यांचा वाद प्रत्येक उन्हाळ्यात उफाळतो. त्यावर तोडगा म्हणून शहराने वर्षाला ६.५ टीएमसी (अब्ज घनफूट) सांडपाणी शुद्ध करून मुंढवा येथील जॅकवेलमधून जुन्या बेबी कालव्यात सोडावे, अशी योजना झाली. हवेली आणि दौंडची शेती त्यावर भिजावी, ही अपेक्षा आहे. पाणी खरोखर शुद्ध असेल, तर ही देवाणघेवाण न्याय्य ठरेल. ते शुद्ध नसेल, तर शहराचा प्रश्न केवळ शेतात हलविला जाईल. कालव्याच्या अतिपाण्याने काळ्या जमिनी खारवट व चोपण होण्याचा धोका येथे आधीच आहे. त्यावर ठिबक सिंचन, भूमिगत निचरा आणि ताग-धैंचा यांची हिरवळीची खते हे सांगितलेले उपाय आहेत.

ताळेबंद कोणाचा?

बांध घालणारा शेतकरी, माळ राखणारा मेंढपाळ, मोर जपणारे गाव आणि बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी देणारे कुटुंब, हे सारे संवर्धनाचा भार आधीच उचलत आहेत. मात्र हिवरे बाजारसारखा ताळेबंद एका गावापुरता मांडता येतो. भीमेच्या खोऱ्याचा मांडायचा, तर त्यात पुणे शहराचेही खाते उघडावे लागेल. धरणातून किती पाणी घेतले आणि नदीत कसे परत दिले, ही नोंद शहरी वाचकाच्या घरच्या नळापासून सुरू होते.