कँडीचा गोमंतकीय पाद्री

गोव्याच्या इतिहासातील सतराव्या शतकाविषयी बोलताना आपल्यापुढे चटकन उभे राहते ते इन्क्विझिशन. ते उभे राहावयासच हवे. परंतु त्याच काळी, त्याच मातीत जन्मलेल्या एका पाद्र्याचे आयुष्य मला त्या चित्राच्या दुसऱ्या बाजूस ठेवावेसे वाटते. त्यांचे नाव जुझे वाझ.

जन्म 1651 चा, आजोळी बाणावलीस; घराणे सांकवाळचे. एतद्देशीय पाद्र्यांना युरोपीय धर्मसंघांचे दरवाजे बंद असत, असा तो काळ. 1685 मध्ये गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या ओरेटरी संघाची धुरा वाझ यांनी सांभाळली. आपल्याच घरी दुय्यम ठरविला गेलेला माणूस बहुधा कडवट होतो. वाझ यांनी मात्र समुद्रापलीकडे पाहिले.

सिंहलद्वीपात डचांनी 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून घेतले होते. कॅथलिक पाद्र्यांना तेथे मज्जाव होता. त्यांच्यामागे राहिलेले श्रद्धाळू लपूनछपून प्रार्थना करीत. 1687 मध्ये वाझ मजुराच्या वेशात जाफन्यास उतरले. पुढे 1692 मध्ये बौद्ध राजाच्या कँडीस पोहोचले, तर पोर्तुगीजांचे हेर म्हणून कैदेत पडले. कालांतराने राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा त्यांच्यावर विश्वास बसला.

चरित्रकार येथे त्यांच्या प्रार्थनेने अवर्षण संपून पाऊस आल्याची कथा सांगतात. ती श्रद्धेची बाब. तिच्याशी मी वाद घालणार नाही. मला मोठे वाटते ते 1697 चे काम. त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. जेन्नरची लस यायला अजून शंभर वर्षे होती. रोग अंगावर यावा या भयाने जिवलगांनीही आजाऱ्यांना टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जुझे द कार्व्हाल्यू यांनी त्यांना निवारा दिला, अन्नपाणी दिले, फोड धुतले, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी कॅथलिक की बौद्ध, हे त्यांनी विचारले नाही.

वाझ धर्मप्रसारासाठीच गेले होते, हे झाकण्याचे कारण नाही. पण ज्या खाटेवरचा मनुष्य उद्या राहणार नाही, त्याच्या पाण्याच्या वाटीत कोणता प्रसार असणार? तेथे उरते ती निव्वळ शेजारधर्माची आज्ञा. ख्रिस्ती परंपरेत प्रेम ही भावना कमी आणि कृती अधिक मानली जाते. कँडीतील त्या झोपड्यांत तिचा अर्थ उघड झाला. परधर्मीय राजाने परकीय पाद्र्याला पुढेही आश्रय दिला, यात त्या सेवेचा वाटा मोठा होता.

पुढे बिशपपदाचा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच ते निवर्तले. 1995 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केले आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संत. दोन्ही सोहळे कोलंबोत झाले.

सीमेवर राहणाऱ्या आपल्याला 'आमचा कोण आणि परका कोण' हा प्रश्न रोज पडतो. भाषेच्या न्यायासाठी तो विचारावाही लागतो. पण माणूस आजारी पडला की तो प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो, एवढे या गोमंतकीयाने तीनशे वर्षांपूर्वी करून दाखविले.