रिकिबीचा पट्टा

आमच्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळचे एक खोगीर पडलेले असे. कातडे केव्हाच उकललेले, कड्यांवर हिरवा गंज चढलेला. पण रिकिबींचे पट्टे मात्र शाबूत होते. त्यांवर ओळीने भोके पाडलेली होती आणि अगदी खालचे भोक ताणून लांबट झाले होते. आमच्या घराण्यात सगळेच ताडमाड. मी स्वतः सहा फूट तीन इंच. पणजोबांचे छायाचित्र कोणाजवळ नाही, परंतु तेही ह्याच मापाचे होते हे मला त्या एका भोकाने सांगितले. घोडा कोणाचाही असो, पट्टा दोन भोके खाली घेतला की स्वाराचे गुडघे मोकळे. ही एवढी साधी सोय माणसाने पुढे गमावली कशी, ह्याचा शोध मी काही वर्षे घेत आलो आहे. त्यामागे इतिहासप्रेम थोडे आणि माझे दुखरे गुडघे फार, हे आधीच कबूल केलेले बरे.

सायकल आली तेव्हा ही सोय शाबूत होती. सीटखालचा नट सैल करावा, दांडा वर ओढावा, झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच सायकलच्या सांगाड्याला इंजिन जोडून मोटारसायकल झाली. मग इंजिन वाढत गेले, त्याच्या डोक्यावर टाकी बसली, टाकीमागे सीट, खाली फूटरेस्ट. आणि जी ती वस्तू आपापल्या जागी पक्की झाली. अपवाद नव्हते असे नाही. इंग्लंडातील फिलिप व्हिन्सेंट ह्यांच्या गाड्यांत फूटरेस्ट आणि पायाखालची पेडले स्वाराच्या मापाप्रमाणे हलविता येत. पण व्हिन्सेंटच्या मोटारसायकली १९५५ मध्ये निघायच्या बंद झाल्या.

डांबरी रस्त्यावर उंच माणूस कसाबसा निभावून नेतो. खरी परीक्षा रस्ता संपतो तेथे. खडकाळ वाटेवर जाणता स्वार सीटवर बसत नाही. फूटरेस्टवर उभा राहतो, म्हणजे त्याचे स्वतःचे पायच स्प्रिंगांचे काम करतात आणि गाडी त्याच्याखाली मोकळेपणी डोलते. हँडल ठेंगणे असेल तर ह्याच क्षणी उंच माणूस कमरेत वाकतो. मग सारा भार पाठीवर आणि मनगटांवर येतो, आणि तासाभरात शहाणपण सुचते.

ह्या उभे राहण्याचा कस लावला ट्रायल्सच्या शर्यतींनी. तेथे वेगाला किंमत नाही. दगडाधोंड्यांतून पाय न टेकता जायचे. सॅमी मिलर हा त्यातला नामांकित गडी. १९६४ मध्ये तो जुनी एरियल सोडून स्पेनमधील बुल्ताको कंपनीकडे गेला, त्यांच्यासाठी एक हलकी गाडी आपल्या हाताने सिद्ध केली आणि १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तिच्यावर जिंकली. पुढे ह्या जातीच्या गाड्यांची सीट आक्रसत गेली आणि आज ती जवळजवळ नाहीशीच झाली आहे. बसायचेच नाही तर सीट कशाला?

शेता-माळांवरच्या मोटोक्रॉसमध्ये मात्र उलटे घडले. लुसिएन टिलकेन्स ह्या बेल्जियन गृहस्थाने मागच्या चाकासाठी एकच लांब शॉकअब्सॉर्बर योजला. यामाहाने तो उचलला आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसन त्यावर २५० सीसीचा जगज्जेता झाला. त्यानंतर स्पर्धाच लागली. मागचे चाक पूर्वी चारेक इंच खालीवर होई, ते दहाबारा वर्षांत बारा इंचांपर्यंत गेले, आणि सीट जमिनीपासून तीन फुटांच्या वर चढली. आता कोणी म्हणेल की उंच माणसाची चंगळ झाली! मीही तसेच समजत होतो. पण सीटबरोबर फूटरेस्टही वर गेले, त्यामुळे गुडघ्याची घडी होती तशीच राहिली. जमिनीपासूनची उंची हे ठेंगण्याचे दुखणे. उंच माणसाचे दुखणे सीट, फूटरेस्ट आणि हँडल ह्या तीन बिंदूंच्या आपसांतील अंतरात आहे.

ठेंगण्याचे म्हटले म्हणून गास्तों राहिए आठवतो. १९८४ च्या पॅरिस–डाकार शर्यतीत बीएमडब्ल्यूच्या एकाच संघात तो आणि ह्यूबेर ओरिओल असे दोघे होते. ओरिओल त्याच्याहून चांगलाच उंच. राहिएचे पाय तर जमिनीला धड पोचत नसत. तो एका फूटरेस्टवर पाय ठेवून गाडी चालू करी आणि चालत्या गाडीवर टांग टाकी. त्या वर्षी पहिला राहिए, दुसरा ओरिओल. वाळवंटात पाय टेकण्याचे प्रसंग थोडे. उभे राहण्याचे मात्र दिवसभर.

आपल्याकडे कारखानदार चारचौघांचे माप धरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. २०१६ च्या रॉयल एन्फील्ड हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर ठेवली ती बहुतेकांचे पाय टेकावेत म्हणूनच. हीरोने २०२० मध्ये एक्सपल्ससाठी रॅलीचे सामान काढले, त्यात उंच सीट आणि हँडलखाली ठेवायचे ठोकळे होते. ते पाहून मला पणजोबांचा पट्टाच आठवला.

माझी गाडी कोणती ते सांगत नाही, कारण पुढचा मूर्खपणा तिचा नव्हे, माझा आहे. उत्साहाच्या भरात मी हँडल एकदम दोन इंच उचलले. उभा राहिलो, पाठ ताठ; वाटले, जिंकले! वेल्ह्याहून केळदकडे जाताना एका आखूड वळणावर हँडल पुरते वळविले, तशी आखूड पडलेली ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली, इंजिन आपोआप भडकले आणि मी गाडीसकट चरात गेलो. खांदा सहा आठवडे गळ्यात बांधून होता. डॉक्टर म्हणाले, आता ह्या वयात पुरे करा. मिस्त्री म्हणाला, "काका, आधी पाय बघायचे, मग हात. तुम्ही उलटं सुरू केलंत."

त्याने गाडी घोडीवर उभी केली आणि मला फूटरेस्टवर चढविले. फूटरेस्ट पाऊण इंच खाली घेतले. त्याहून खाली नको, नाहीतर दगडाला अडतात. माझ्या बुटाच्या मानाने गिअरचा लिव्हर आणि ब्रेकचे पेडल बसविले. मग गुडघे किंचित वाकवून, डोळे मिटून हात पुढे करायला सांगितले. हात पडले तेथे हँडल आले. ते पूर्वीपेक्षा इंचभरच वर होते, आणि माझ्याकडे ओढलेले तर मुळीच नव्हते, कारण तसे केले की अंग मागे जाते आणि पुढचे चाक हलके पडून घसरते. क्लचची मूठ थोडी खाली वळविली, केबली नव्या मार्गाने फिरविल्या, आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून इंजिनाचा आवाज ऐकला. सीटमध्ये फोमचा थर घातला तो सर्वांत शेवटी.

त्या गोष्टीला चार पावसाळे झाले. डॉक्टरांना मी अजून काही सांगितलेले नाही. पुतण्या माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणा आहे. परवा त्याने गाडी मागितली तेव्हा चावीबरोबर पानाही दिला, आणि मिस्त्रीने हँडलवर ओढलेली माझ्या मापाची रेघ पुसू नकोस, म्हणून बजावले.