‘अंकुराची वाढ’: तिकीट नसलेल्या एका खेळाचा इतिहास

१/ निसर्गावरील माहितीपट एकत्र बसून पाहण्याचा प्रघात आता आपल्या शहरांना नवा राहिलेला नाही. वाचनालयाचे सभागृह, महाविद्यालयातील वर्ग किंवा सोसायटीची गच्ची. एक प्रोजेक्टर, तीस-चाळीस खुर्च्या आणि पट संपल्यावर रंगणारी चर्चा. हे सारे परदेशी वाहिन्यांच्या प्रभावातून आले, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा एक जुना दुवा मात्र नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसापाशी सापडतो. आजचा धागा त्याविषयी.

२/ धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटामुळे ते भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक ठरले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी जेमतेम एका मिनिटाचा एक पट तयार केला होता. त्यात राजा नव्हता, ऋषी नव्हता, देवही नव्हता. कुंडीत पेरलेला वाटाणा हेच त्यातील एकमेव पात्र. पटाचे नाव ‘अंकुराची वाढ’.

३/ काळोखात एकत्र बसून पडद्यावरील चित्रे पाहण्याची सवय महाराष्ट्राला सिनेमाच्या आधीच लागली होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ करीत. काचेवर रंगवलेली चित्रे, जोडीला निवेदन आणि संगीत. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. फाळके घडले ते या वातावरणात.

४/ १९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. चरित्रकारांच्या म्हणण्यानुसार फाळके थोरल्या मुलासह तेथे गेले होते ते प्राण्यांवरील एक पट पाहण्यासाठी. पडद्यावर जिवंत प्राणी हिंडताना पाहिल्याचे मुलाने घरी सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब चित्रपटगृहात गेले. तो दिवस ईस्टरच्या सणातला. त्यामुळे पडद्यावर प्राण्यांऐवजी ख्रिस्त आला.

५/ त्यानंतर फाळके यांना चित्रपटाने झपाटले. अतिश्रम, अपुरी झोप आणि सततचे निरीक्षण यांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना साह्य केले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रीकरणाची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली.

६/ विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करून फाळके मुंबईस परतले. हाती यंत्र होते, विद्या होती. भांडवल मात्र नव्हते. देशी माणूस देशी हातांनी चित्रपट तयार करू शकतो, याचा कोणताही दाखला सावकारापुढे ठेवता येत नव्हता. वस्तू अस्तित्वातच नसेल, तर तिच्यावर कर्ज कोण देणार?

७/ हा दाखला त्यांनी मातीतून उगवला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपली. आज आपण ज्याला ‘टाइम-लॅप्स’ म्हणतो, तेच हे तंत्र. पडद्यावर बी फुटते, कोंब वर येतो, पाने उलगडतात आणि पाहता पाहता वेल डोलू लागतो.

८/ या कामाला किती चिकाटी लागली असेल, याची ढोबळ आकडेमोड करून पाहता येते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत विभागली, तर दिवसाला ३२. फिल्मच्या मापात सांगायचे तर अवघी ६० फूट पट्टी. मधल्या काळात कॅमेरा जागचा हलता कामा नये, कुंडी सरकता कामा नये आणि रोपही जगले पाहिजे.

९/ जगाच्या नकाशावरही हा प्रयोग फार मागे नव्हता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या सुमारास वनस्पतींची हालचाल अशाच पद्धतीने चित्रित केली होती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा फुले उमलण्याचा पट १९१० मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत एक मराठी माणूस, मोजक्या साधनांनिशी, वाटाण्याच्या कुंडीपुढे तेच साधत होता.

१०/ आता प्रेक्षकांकडे वळू. ‘अंकुराची वाढ’ काही निवडक लोकांना दाखवण्यात आला. या खेळाला तिकीट नव्हते, जाहिरात नव्हती. पाहणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देव्हारे यांनी कर्ज देऊ केले. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिनेही या उद्योगापायी गहाण पडले. पुढे रात्री जागून कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम त्यांनीच केले. त्या भांडवलावर ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला.

११/ म्हणजे भारतीय कथापटाची पत एका निसर्गपटाने उभी केली, आणि तीही मोजक्या माणसांनी एकत्र बसून पाहिलेल्या खेळातून. पाहणाऱ्यांचे मन वळले ते कथेमुळे नव्हे. बी रुजते हे प्रत्येकाला ठाऊक असते, पण ते रुजताना कोणालाही दिसत नाही. डोळ्याला न दिसणारी गती पडद्याने दाखवली, हेच त्या पटाचे सामर्थ्य होते.

१२/ १९१३ मध्येच फाळके यांनी आपला उद्योग नाशिकला हलवला. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली, तीही नाशिकच्या भूमीवर. पौराणिक चित्रपटांच्या जोडीने त्यांचे छोटे माहितीपर आणि गमतीचे पट सुरूच राहिले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्या चालवल्या, वाटाण्यापुढे कमावलेली एकेक चित्र टिपण्याची शिस्त तेथे पुन्हा उपयोगी पडली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

१३/ ‘अंकुराची वाढ’ आज पाहायला मिळत नाही. तत्कालीन नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती आणि लवकर कुजत असे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. जेथे गाजलेल्या चित्रपटाची ही गत, तेथे ६० फुटांच्या वाटाण्याची काय कथा!

१४/ पण हा पट विस्मरणात जाण्याचे कारण केवळ रसायनशास्त्रात नाही. मूकपटांचा इतिहास मुख्यतः वृत्तपत्रांतील जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी आणि कंपन्यांचे हिशेब यांवरून लिहिला जातो. ज्या खेळाला तिकीट नाही, त्याची जाहिरात नसते. ज्याची जाहिरात नाही, त्याचा पुरावा क्वचितच उरतो. ‘अंकुराची वाढ’ची आठवण टिकली, कारण त्यामागून ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

१५/ स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. मुख्य चित्रपटाआधी त्याचे माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. सरकारी फिरत्या गाड्याही गावोगावी पडदा उभारत. शेती, आरोग्य, वन्यजीव हे विषय लाखो लोकांनी असेच उघड्यावर बसून पाहिले. पटांची सूची उपलब्ध आहे. गावकऱ्यांनी काय विचारले, ते कशाला हसले, काय त्यांना पटले नाही, याच्या नोंदी मात्र शोधूनही फारशा हाती लागत नाहीत.

१६/ निसर्गपटाने काय साधते, असे कोणी विचारल्यास एक उदाहरण पुरेसे आहे. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (२०००) या माहितीपटाने गुजरातच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कची शिकार जगापुढे आणली. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. समुद्रात घडणारी, म्हणून किनाऱ्यापलीकडच्या कोणाला न दिसणारी गोष्ट येथेही पडद्यानेच दाखवली.

१७/ नाशिककरांना तर विषय शोधत दूर जाण्याची गरज नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील पाणपक्ष्यांवरचा एखादा पट शहरातील सभागृहात लागतो आणि निफाडचा एखादा शेतकरी उठून बोलतो, तेव्हा पटाइतकेच त्याचे बोलणेही इतिहासाचे साधन असते.

१८/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याची एक विनंती. आपण असे खेळ भरवत असाल, तर एक साधी वही ठेवा. तारीख, जागा, पटाचे नाव, उपस्थितांची संख्या आणि नंतर विचारले गेलेले चार प्रश्न. पाच ओळी पुरेत. १९१२ मध्ये वाटाण्याचा कोंब वर येताना पाहून समोरची माणसे काय म्हणाली, हे आज आपल्याला वाचायला मिळाले असते, तर ते किती मोलाचे ठरले असते! (समाप्त)