पाखाडी, सडक आणि ‘वाहतूक’

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, लाडघर व कोळथरे या गावांच्या दरम्यान, समुद्रकाठी बुरोंडी हे मच्छीमारांचे गाव आहे. शहरांतील रस्त्यांची कामे होत असताना पायी चालणाऱ्याची व सायकलस्वाराची उपेक्षा कशी होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्याचा आरंभ पुण्यामुंबईत न करता बुरोंडीत करण्याचे कारण असे की, पायी चालण्यासाठी म्हणून बांधलेल्या वाटेला स्वतंत्र नाव असलेला जो थोडा मराठी मुलूख आहे, त्यात या किनाऱ्याचा समावेश होतो. ते नाव पाखाडी. शहरातल्या पदपथाचे काय झाले हे समजून घ्यावयाचे असेल, तर पाखाडीचे काय झाले हे प्रथम पाहावयास हवे, असे मला वाटते.

कोकणच्या या पट्टीत वरती जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली माडापोफळींच्या बागा आणि वाळू, व या दोहोंमध्ये एकदम उतरणारी घाटी, अशी भूमीची सर्वसाधारण ठेवण आहे. बैलगाडीला असा उतार सोयीचा नाही. दूरच्या प्रवासाचे वाहन होडी, पडाव किंवा आगबोट हे होते; जमिनीवरचा बहुतेक सारा व्यवहार पायांनी चाले. वस्तीतून विहिरीकडे, देवळाकडे, बंदराकडे, सड्यावरच्या शेताकडे जाण्यासाठी जांभ्याचे चिरे बसवून, दोन्ही बाजूंस गडगे घालून जी पायऱ्यांची वाट केली जाई ती पाखाडी. तिची रुंदी डोक्यावर भार घेतलेली दोन माणसे एकमेकांना ओलांडून जातील एवढ्या बेताची असे. पायऱ्या साधारणतः उंचीला कमी व रुंदीला अधिक, कारण मासळीची पाटी किंवा पाण्याचा हंडा घेऊन चढणारीला पाय फार उचलावा लागता कामा नये. ओढ्यावर साकव असे. हे सगळे मिळून एक पुरे बांधकामशास्त्र होते आणि त्याचे परिमाण माणसाचे पाऊल हे होते.

शब्दांचा इतिहास येथे थोडा उपयोगी पडतो. ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आला व ‘साकव’ हा ‘संक्रम’पासून, दोन्ही प्राकृताच्या उंबरठ्यावरून, बोलणाऱ्यांच्या तोंडातून झिजत आलेले. ‘रस्ता’ फारसीतून आला. ‘आळी’ म्हणजे मुळात रांग. घरांच्या रांगेचे नाव तिच्यासमोरच्या वाटेस मिळाले. (इंग्रजीतील ‘ॲली’ या शब्दाशी त्याचे जे ध्वनिसाम्य दिसते ते केवळ योगायोगाचे होय, विद्यार्थी दरवर्षी त्यास फसतात.) ‘पाखाडी’ हा शब्द वाटेचाही वाचक आहे व वस्तीचाही. मुंबईत माझगावची मातारपाखाडी ही वस्ती अद्याप ते नाव धारण करून आहे. वाट आणि तिच्या काठचे राहणे ही जेथे एकाच शब्दात मावतात, तेथे वाट केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्याचे साधन नसते, हे वेगळे सांगावयास नको.

त्या काळच्या चालण्याचे गोड चित्र रंगविण्याचा मात्र माझा हेतू नाही. बुरोंडीच्या उत्तरेस थोड्या अंतरावर मुरूड हे गाव आहे. तेथील धोंडो केशव कर्वे हे १८७५ साली सरकारी नोकरीस आवश्यक असलेल्या परीक्षेसाठी भर पावसाळ्यात सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक होते. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, त्यामुळे चालण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि एवढे करून साताऱ्यास पोहोचल्यावर, वय सतरा वर्षांहून कमी दिसते, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. पुढल्या पिढीत पालगडचे पांडुरंग सदाशिव साने शिकावयास दापोलीस राहिले, तेव्हा घराकडची ये-जा पायीच होती. या मुलखाला मोटररस्त्याची व एस.टी.ची गरज होती, याविषयी दुमत संभवत नाही. रात्री अडलेली बाळंतीण डोलीतून सडा चढविणाऱ्यांना पाखाडीचे काव्य सांगणे निर्दयपणाचे ठरेल. प्रश्न रस्ता आला याचा नाही. तो आला तेव्हा आधीच्या वाटेस त्याच्या हिशेबात कोणते स्थान मिळाले, याचा आहे.

हा हिशेब कोणी व कोठे मांडला हे पाहिले म्हणजे एक ओळखीचे नाव भेटते. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर होते. पुणे विद्यापीठाचे १९४८ सालचे पहिले कुलगुरू ते हेच. समितीचा अहवाल १९२८ साली आला. रस्ते हा एकट्या प्रांतांचा व स्थानिक संस्थांचा विषय न राहता मध्यवर्ती सरकारने त्यात भार उचलावा, व त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, असे तिने सुचविले. त्याप्रमाणे १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला व मध्यवर्ती रस्तेनिधी उभा राहिला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, तीही याच प्रयत्नाचे फळ. जयकर समितीचे काम दूरदृष्टीचे होते. तिच्याअभावी पुढील अर्धशतकातले रस्ते झाले नसते. तथापि निधी पेट्रोलवर उभा राहिला म्हणजे त्यावरचा नैतिक हक्कही पेट्रोल जाळणाऱ्याचा, ही समजूत त्या व्यवस्थेत न सांगता रुजली. जो कर भरीत नाही तो रस्त्यावरचा पाहुणा. पायी चालणारा, सायकलवाला, गाडीवान हे सारे त्या अर्थाने पाहुणे ठरले.

दुसरा टप्पा नागपूरचा. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूर येथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. रस्त्यांची जी वर्गवारी आपण आज गृहीत धरतो ती तेथली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख व इतर जिल्हा मार्ग, ग्राममार्ग. महाराष्ट्रात आजही राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरती भाजणी चालते. या शिडीची सर्वांत खालची पायरी ग्रामीण मार्ग ही आहे. पायवाट तिच्याही खाली, म्हणजे शिडीच्या बाहेर. वर्गवारीत ज्याला नाव असते त्याला क्रमांक मिळतो. क्रमांक असला की लांबी मोजली जाते, लांबी मोजली की डागडुजीची तरतूद होते. शेकडो वर्षांची पाखाडी या कसोटीला उतरत नाही, कारण ती कोणत्याही स्तंभात लिहिता येत नाही.

प्रत्यक्ष भूमीवर याचा परिणाम काय होतो, हे किनाऱ्याकडे उतरणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर थोडा वेळ थांबले असता दिसते. मोटारीला सौम्य चढ लागतो, म्हणून सडक वळणे घेत उतरते; माणूस सरळ उतरतो, म्हणून पाखाडी त्या प्रत्येक वळणाला छेद देत जाते. जेथे छेद जातो ते ठिकाण बहुधा नेमके असे असते की, येणाऱ्या चालकाला पलीकडचे दिसत नाही. सडक अरुंद व वाहने थोडी होती तोवर हे निभावून जात असे. रुंदीकरणात डोंगर आतपर्यंत कापला जातो, कापलेली बाजू भिंतीसारखी उभी राहते, तिच्या पायथ्याशी गटार खोदले जाते, उताराच्या बाजूस संरक्षक कठडा येतो. पाखाडीच्या वरच्या पायऱ्या मग एखाद्या पुरुषभर उंचीवर हवेत संपतात आणि खालच्या पायऱ्या कठड्याच्या पलीकडून सुरू होतात. मधल्या अंतराची जबाबदारी कोणाची, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. वळणावळणाने जावयाचे तर अंतर दुपटीतिपटीने वाढते, आणि तेही कडेला चालावयास जागा नसलेल्या डांबरावरून. परिणामी माणसे भिंतीत पाय रोवण्यापुरती खोबण करून घेतात. अभियंत्याच्या नकाशात नसलेली अशी एक पाखाडी ठिकठिकाणी नव्याने तयार होत असते.

यातला दोष केवळ हयगयीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की, ही उपेक्षा भाषेतच बसविलेली आहे. ‘वाहतूक’ हा शब्द घ्या. तो ‘वाहणे’ या धातूपासून आलेला, म्हणजे मुळात ओझे नेणे. या अर्थाने बंदरावरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन घाटी चढणारी कोळीण शब्दशः वाहतूकच करीत असते. पण ‘रस्ता वाहतुकीसाठी बंद आहे’ या पाटीच्या बाजूने माणसे निर्धास्त चालत जातात, आणि त्यांत कोणालाही विसंगती वाटत नाही. याचा अर्थ एवढाच की, बोलणारे व लिहिणारे या दोघांच्याही मनात वाहतूक म्हणजे चाकांची, आणि त्यातही यंत्राच्या चाकांची, असा अर्थसंकोच पुरा झालेला आहे. ‘वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून’ जे जे केले जाते त्यात मग पायी चालणारा येतो तो अडथळा म्हणून. सूचनाफलकांचे व्याकरण पाहावे: वाहनांसाठी हेतुदर्शक वाक्ये, पादचाऱ्यांसाठी विध्यर्थ. त्यांनी अमुक पुलाचा वापर करावा, तमुक ठिकाणी ओलांडू नये. ‘वाटसरू’ हा वाटेचा हक्काचा माणूस होता. ‘पादचारी’ हा सूचना ऐकणारा आहे. ‘फुटपाथ’ आपण इंग्रजीतून घेतला, आणि फुटपाथवर येणे म्हणजे देशोधडीला लागणे असा त्याचा वाक्प्रचार केला. ‘पदपथ’ हा त्याचा शुद्ध पर्याय अद्याप कागदावरच राहतो.

हे अपरिहार्य होते काय? मुंबईचा इतिहास तसे सांगत नाही. हॉर्नबी रोडच्या, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाच्या, दुतर्फा इमारतींच्या तळमजल्यावर जी सलग कमानदार ओवरी आहे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधकामाच्या नियमानेच सक्तीची झाली. मालकाने आपल्या भूखंडातून पायी चालणाऱ्यास ऊन व पाऊस यांपासून आडोसा द्यावयाचा, असा तो दंडक होता. राज्यकर्ते परके होते, शहरातले बहुसंख्य लोक त्यांच्या लेखी क्षुद्र होते, तरीही रस्ता आखताना चालणाऱ्या माणसाची रुंदी आधी धरली गेली. त्यानंतर शतकभराने त्याच शहरात २००८ साली वांद्र्यास पहिला ‘स्कायवॉक’ झाला. माणसास जिने चढवून वर नेले म्हणजे खालचा रस्ता मोकळा होतो, हा त्यामागचा विचार उघड आहे. २००९ सालचा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ सालचा अटल सेतू यांवर तर पायी व सायकलने जाण्यास मुळी मनाईच आहे. खाडीवरील तरीत जो सर्वांत आधी चढत असे, त्याला पुलावर प्रवेश नाही.

सायकलीची कथा पुण्याची. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेले. विद्यार्थी, कारकून, गिरणी-कारखान्यांतील कामगार, प्राध्यापक हे सारे सायकलवर असत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकलमार्गांविषयी स्वतंत्र शिफारसी प्रसिद्ध केल्या, हे फार थोड्यांना माहीत असते. तेव्हा नियम नव्हते असे म्हणण्यास जागा नाही. परंतु त्या शिफारशींतील कसोटी मोठी बोलकी आहे. गर्दीच्या तासात चारशे किंवा अधिक सायकली जात असतील आणि त्याच रस्त्यावर तासाला शंभर ते दोनशे मोटारी असतील, तर वेगळा मार्ग द्यावा. म्हणजे सायकलस्वारांनी आधी धोक्यात पुरेशा संख्येने जमावयाचे आणि मग त्यांची मोजदाद व्हावयाची. मोटारी वाढल्या की भ्यालेला सायकलस्वार सायकल सोडतो, गणती चारशेच्या खाली येते, आणि मार्गाची गरज नाही हे आकड्यांनी सिद्ध होते.

२००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविण्यास महत्त्व द्यावे, हे त्याचे मुख्य सूत्र. त्याच वर्षीच्या अखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर जलद बसची प्रायोगिक योजना सुरू झाली व तिच्याबरोबर कडेने सायकलमार्गही आले. ते कोठे विजेच्या पेटीपाशी, कोठे झाडापाशी, कोठे दुकानाच्या पायरीपाशी थांबत. पाखाडीप्रमाणेच त्यांचेही दोष तुटलेल्या सांध्यांत होते. पुढे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, २०१७ साली सायकल आराखडा मान्य केला, आणि जंगली महाराज रस्त्यावरील पदपथ रुंद करून दाखविला. हा शेवटचा प्रयोग चांगला आहे, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. तेथे संध्याकाळी माणसे चालतात, बसतात, थांबतात. पण तो एका रस्त्याचा नमुना आहे, शहराची रीत नव्हे.

२०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. केंद्रीय मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. सरासरीने दिवसाला नव्वदांच्या आसपास. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुरक्षित व निर्वेध पदपथ हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून राज्यांना त्याविषयी मार्गदर्शक नियम करण्यास फर्माविले.

दरम्यान कोकणातील पाखाड्या अजिबात विसरल्या गेल्या आहेत असेही नाही. ग्रामपंचायतींच्या कामांत, आमदारनिधीच्या फलकांवर ‘पाखाडी बांधणे’ व ‘साकव बांधणे’ ही शब्दयोजना नित्य आढळते, आणि जांभ्याच्या जागी सिमेंटच्या का होईना, पायऱ्या होतात. पण हे काम एका वहीत आणि रस्त्याचे रुंदीकरण दुसऱ्या वहीत लिहिले जाते. पाखाडीच्या अंदाजपत्रकात तिची लांबी रस्त्याच्या हद्दीपर्यंत मोजलेली असते. रस्त्याच्या अंदाजपत्रकात पाखाडी येऊन मिळते ते ठिकाण दाखविण्यासाठी कोणतेही चिन्ह नाही.