क्रायस्लरचा पगार आणि अजाईलच्या दोन बाजू

रोज सकाळी उभ्याने मीटिंग, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, दर दोन आठवड्यांनी डेमो. एवढं केलं की आपण 'अजाईल' झालो असं बऱ्याच टीम्सना वाटतं. पण मंडळी, ही झाली अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी इतिहासात सापडते.

अमेरिकेतली क्रायस्लर ही मोटार कंपनी १९९३ पासून पगाराची नवी सिस्टीम बनवायच्या मागे होती. नाव 'सी-थ्री'. १९९६ उजाडलं तरी एकाचाही पगार तिच्यातून निघाला नव्हता. तेव्हा केंट बेक यांना बोलावलं, तेही सिस्टीमचा वेग वाढवायला. त्यांना रोग वेगळाच दिसला: काम करायची पद्धतच चुकत होती. मग रॉन जेफ्रीज कोच म्हणून आले. दोघांनी मिळून एक प्रोग्राम लिहायचा, आधी टेस्ट मग कोड, बदल सतत एकत्र जोडत राहायचं. हेच पुढे 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग', म्हणजे एक्सपी. मे १९९७ मध्ये सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार या सिस्टीममधून निघू लागले.

दुसरीकडे १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी ईझल कंपनीत स्क्रम वापरून पाहिलं आणि १९९५ मध्ये केन श्वाबर यांच्यासोबत ते जगापुढे मांडलं. काय आधी करायचं, किती दिवसांत दाखवायचं, हे स्क्रम सांगतं. कोड कसा लिहायचा याबद्दल मात्र चकार शब्द नाही! फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि अजाईलचा जाहीरनामा निघाला. त्यात हे चौघंही होते.

आता नुसतं स्क्रम घेतलं तर काय होतं बघा. पहिले चार-पाच स्प्रिंट झकास जातात. मग जुनं तपासण्यातच दिवस संपतात, कारण टेस्ट हातानेच करायच्या असतात. मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्ये नेमकं या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

आणि नुसता चांगला कोड? सी-थ्रीतून पगार निघत होते, तरी फेब्रुवारी २००० मध्ये क्रायस्लरने प्रकल्प गुंडाळला. सिस्टीम चालणं वेगळं आणि पैसे देणाऱ्याला ती हवीशी वाटत राहणं वेगळं.

तेव्हा स्क्रम की एक्सपी, हा वादच फुकटचा. पुढच्या स्प्रिंटच्या प्लॅनिंगला बसाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: हे नक्की कोणाला हवंय? आणि उद्या बदलायची वेळ आली तर न घाबरता बदलता येईल का?