कोकणातील जलदुर्ग नौकासहली

कोकणातील जलदुर्ग नौकासहली म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातील किल्ले पाहण्यासाठी होडी, मचवा किंवा यांत्रिक नौकेतून केल्या जाणाऱ्या अल्प अंतराच्या सहली होत. मालवणजवळील सिंधुदुर्ग, मुरूडजवळील जंजिरा, अलिबागचा कुलाबा, थळजवळील खांदेरी आणि हर्णैजवळील सुवर्णदुर्ग ही या सहलींची प्रमुख ठिकाणे आहेत. किनाऱ्यावरील पर्यटकांबरोबरच शिरूर, दौंड यांसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्यांतून येणाऱ्या कुटुंबांना व शालेय सहलींना समुद्रप्रवासाचा पहिला अनुभव बहुधा याच फेऱ्यांतून मिळतो.

जगातील अनेक सागरी पर्यटनस्थळी ‘चाच्यांचे जहाज’ ही करमणूक लोकप्रिय आहे. कोकणात तिच्या जागी जलदुर्गांची फेरी आहे. युरोपीय कागदपत्रांत ज्यांना ‘चाचे’ म्हटले गेले, त्या आंग्रे घराण्याच्या आरमाराचा इतिहास यांपैकी अनेक किल्ल्यांशी जोडलेला असल्यामुळे या दोन्ही प्रकारांची तुलना उद्बोधक ठरते.

जागतिक पार्श्वभूमी

तुर्कस्तानातील अलान्या व केमेर, तसेच मेक्सिकोतील कानकुन येथे जुन्या शिडाच्या जहाजासारख्या सजवलेल्या नौकांतून पर्यटकांना समुद्रात नेले जाते. कवटी व हाडांचे चिन्ह असलेला काळा झेंडा, चाच्यांच्या वेशातील कर्मचारी, संगीत आणि लुटुपुटीची लढाई हे या सहलींचे नेहमीचे घटक असतात. अमेरिकेतील टँपा शहरात १९०४ पासून साजरा होणारा गॅस्परिला उत्सव होसे गास्पार या चाच्याच्या नावाने ओळखला जातो. मात्र हा चाचा काल्पनिक असल्याचे अभ्यासक मानतात. कोकणातील सहलीत वेशभूषा किंवा नाट्य नसते; तेथील किल्ले व त्यांवर झालेल्या लढाया मात्र खऱ्या आहेत.

चाचे की आरमारप्रमुख?

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात व्यापारी जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. पुढे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांसाठी ‘दस्तक’ घेणे आवश्यक केले आणि ते नसलेली जहाजे पकडली. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने या कृतीला चाचेगिरी म्हटले. दोन्ही पद्धतींचे स्वरूप सारखेच होते. समुद्रावर कर घेण्याचा हक्क कोणाचा, हा वादाचा खरा मुद्दा होता. आंग्रे हे छत्रपतींच्या वतीने सरखेलपद धारण करीत असल्याने भारतीय इतिहासलेखनात त्यांना आरमारप्रमुख मानले जाते.

इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर, तर १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या मदतीने कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही मोहिमा अयशस्वी ठरल्या. कान्होजींचे ४ जुलै १७२९ रोजी निधन झाले; त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. पुढे तुळाजी आंग्रे यांच्या काळात पेशवे व इंग्रज एकत्र आले. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकून तेथील आंग्र्यांचे आरमार नष्ट केले. सुवर्णदुर्गाच्या विजयाची स्मृती म्हणून जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनमध्ये ‘सेव्हर्नड्रूग’ नावाचा मनोरा उभारला. इकडे स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. एकाच संघर्षाची ही दोन परस्परविरोधी स्मारके आजही उभी आहेत.

प्रमुख ठिकाणे

सिंधुदुर्ग: छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणजवळील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. तटाच्या वळणात दडलेले महाद्वार जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत श्रीशिवराजेश्वर मंदिर तसेच दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या समुद्राने वेढलेल्या बेटावर वस्ती टिकून राहिली ती याच पाण्यामुळे.

जंजिरा: सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत जिंकता आला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. राजपुरी येथून शिडाच्या होड्यांनी किल्ल्यावर जाता येते. दरवाजापाशी लाटांवर हलणाऱ्या होडीतून थेट पायऱ्यांवर उतरावे लागते. कलाल बांगडी ही तोफ व गोड्या पाण्याचे तलाव हे किल्ल्याचे मुख्य आकर्षण आहे. किल्ल्यापासून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार असल्याची आख्यायिका पर्यटकांना सांगितली जाते.

कुलाबा: अलिबागच्या किनाऱ्यासमोरील या किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी चालत, तर भरतीच्या वेळी होडीने जावे लागते. आत राघूजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेशमंदिर आहे.

खांदेरी: १६७९ मध्ये मराठ्यांनी येथे तटबंदी सुरू केल्यावर इंग्रज व सिद्दी यांच्याशी संघर्ष झाला. बेटावर १८६७ मधील दीपगृह व कोळी समाजाचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे स्थान आहे. या बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आहे.

सुवर्णदुर्ग: दापोली तालुक्यातील हर्णै बंदरातून येथे होडीने जातात. किनाऱ्यावरील कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे किल्ले याच संरक्षणव्यवस्थेचा भाग होते.

भरती-ओहोटी व वारा

नौकासहलीचे वेळापत्रक समुद्रावर अवलंबून असते. पहाटे व सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तर दुपारनंतर समुद्राकडून वारा येऊन लाटा वाढतात. त्यामुळे सकाळची फेरी सहसा अधिक शांत असते. किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढण्याचा एक ठोकताळा प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, तर दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते. कुलाब्याला चालत जाणाऱ्यांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे, कारण भरती सुरू झाल्यावर परतीची वाट पाण्याखाली जाते. अचूक वेळेसाठी मात्र अधिकृत भरती-ओहोटी कोष्टक पाहणे आवश्यक असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने या फेऱ्या बंद असतात.

सुरक्षितता

राज्यातील जलवाहतुकीचे नियमन १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नौकेची नोंदणी व तपासणी, प्रवासीक्षमतेची मर्यादा आणि जीवरक्षक जॅकेट या त्यातील मूलभूत बाबी आहेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची बोट उलटून २ जणांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांनी प्राण गमावले. या दुर्घटनांनंतर प्रवाशांनी जॅकेट केवळ जवळ न ठेवता प्रत्यक्ष घालण्याच्या आग्रहाला बळ मिळाले. अंतर कमी असले, तरी क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतल्याने किंवा उतरण्याच्या घाईत सर्वजण एका बाजूस सरकल्याने लहान होडीचा तोल जाऊ शकतो.

महत्त्व

नौकासहली हे किनाऱ्यावरील कोळी व अन्य दर्यावर्दी कुटुंबांच्या उपजीविकेचे एक साधन आहे. अनेक ठिकाणी नौका चालवणारेच किल्ल्याची माहितीही देतात. त्यामुळे स्थानिक स्मृती जपली जाते. परंतु आख्यायिका व पुरावा यांची सरमिसळही होते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले आहेत. त्यामुळे या किल्ल्यांवरील सहलींत वास्तूचे जतन, प्रवाशांची सुरक्षितता आणि इतिहासाची विश्वसनीय मांडणी या तिन्ही बाबींची जबाबदारी वाढली आहे.

हे सुद्धा पहा

मराठा आरमार
कान्होजी आंग्रे
विजयदुर्ग
पद्मदुर्ग